चहातली पूड

नाय काका, आज पुडी नकोय — आज फक्त नाव सांगा, त्या पांढऱ्या पुडीत काय असतं त्याचं नाव. ओळखलंत ना मला? सातपाटीची, हातात हिरवा चुडा होता ती — तुमी म्हणालात, एवढ्या लवकर? — हो, एवढ्या लवकर, करणार काय? बोईसरच्या रिक्षांच्या पाठीवर तुमचंच पोस्टर, 'न सांगता दारू सोडवा', आणि आमचे हे तिथंच कंपनीत, शिफ्ट सुटली की त्याच रिक्षात बसून गुत्त्यावर जायचे — आत बसलेल्याला पाठीवरचं कुठं दिसतंय? मला दिसलं.

दर्पण — नाव घेतलं बघा, सासूबाई इथं नायत म्हणून — दर्पण इथंच, मागच्या गल्लीतल्या दवाखान्यात पडलाय. तोंड उकडलेल्या खेकड्यासारखं लाल, छाती अशी उडतेय की चादर हलते, उलट्या थांबत नायत, बीपी खाली खाली चाललंय — आणि डॉक्टर मला विचारतात, अर्ध्या ग्लासानं असं होत नाय, याला अजून काय दिलंत? डावीकडे सासूबाई, उजवीकडे सासरे. मी म्हटलं, काय नाय. औषध आणते म्हणून निघाले ती थेट तुमच्याकडे.

हो, अर्धाच ग्लास. प्यायला म्हणून पडला असं सगळे म्हणतात, पण प्यायला कुठं? सकाळी नवी होडी पाण्यात उतरवली. आमच्या घरात दारूची पहिली धार दर्याला, दुसरी होडीच्या नाळीवर, म्हणजे पुढच्या टोकावर, आणि उरलेलं थोरल्या मुलानं घ्यायचं. हे मागे सरले. म्हणाले, "आबा, मी सोडलीय. हिला अजून बोललो नाय, म्हटलं टिकलं तर सांगू." अख्खा किनारा हसला. सासरे म्हणाले, "अरे खुळ्या, ही दारू हाय काय? हा दर्याचा मान हाय!" — आणि ह्यांनी माझ्याकडे बघितलं, काका. ग्लास हातात, आणि माझ्याकडे. मला ठाऊक होतं, सकाळी ह्यांच्या चहात मी काय घातलंय ते. एक शब्द पुरला असता. पण नवी सून, चारचौघांत, सासऱ्यांच्या शब्दावर — मी मान खाली घातली. ह्यांना वाटलं, मी हो म्हटलं — ग्लास तोंडाला लावला, आणि थोड्या वेळात आडवे.

मग काय, सगळेच वैद्य. एकानं लिंबू पिळलं, एकानं ताक आणलं, कोणी डोक्यावर कळशी ओतली, शेजारची काशीबाई म्हणते, "सोडली म्हणतो नि अर्ध्या ग्लासात आडवा! झोपू दे, उतरंल." उताणेच टाकले होते, उलटी घशात जायची — मीच कुशीवर वळवले आणि ओरडले, रिक्षा आणा! त्या घरात माझा आवाज पहिल्यांदा ऐकला सगळ्यांनी. सासरे दचकलेच.

आता बोला ना काका. गल्ल्याला कुलूप कशाला लावताय? जडीबुटी हाय म्हणता — कुठली जडी? चिमूटभर म्हणालात, चिमूटभरच घालत होते, रोज, सकाळच्या चहात. ते विचारायचे, "उन्नती, चहाला लसणीचा वास का गं येतो?" मी म्हणायची, पातेल्याला असेल. दोन महिने दारूला शिवले नायत, तर मी मनातल्या मनात तुमच्या पुडीला हात जोडत होते — आणि तो बिचारा आपल्या हिमतीवर —

आज? आज जरा जास्त घातली. जरा म्हणजे... आख्खी. आख्खी पुडी. होडीचा दिवस, सगळे पिणार, म्हटलं आज मोह होईल. असे डोळे करू नका! वर दारू प्यायले तर काय होतं, ते तुमी सांगितलं होतंत? किळस येईल म्हणालात. ही किळस हाय? तिकडे माणूस श्वासासाठी —

कुठं चाललात? काका, शटर नका ओढू. खाली पाय हाय माझा. तुमचं नाव नाय सांगत कोणाला, शप्पत घेते, फक्त पुडीचं —

थांबा, फोन. सासूबाईंचा.

आई? ...काय? डोळे उघडत नायत? ...औषध नाय मिळालं. आई, फोन डॉक्टरांना द्या. ...नाय, तुमाला नाय सांगायचं, त्यांना द्या. ...बरं, मग तुमी पण ऐका, स्पीकरवर टाका, आबांना जवळ बोलवा.

डॉक्टर, मी दर्पणची बायको. मगाशी मी खोटं बोलले. दोन महिने मी त्यांच्या चहात दारू सोडायची पूड घालतेय, त्यांना न विचारता. आज आख्खी पुडी घातली होती. नाव ठाऊक नाय, लसणीसारखा वास येतो — हां. हां, पांढरी. ...एक पुडी उरलीय, पदराच्या गाठीला हाय. ...आले, धावतच येते.

घ्या, काढला पाय. ओढा तुमचं शटर.