दोन थेंब सकाळ-संध्याकाळ

—नाय, नाय, तो कॅमेरा चालू करू नका अजून. राहू दे उभा त्या तीन पायांवर, पण दिवा लागायला नको. आधी हा कागद मला वाचू द्या. चष्मा कुठं ठेवला — हा. 'सिस्टर रंभा, निडी, यांची साक्ष.' छापून आणलीत? माझी साक्ष, आणि मलाच छापून? पास्टर अमोलनी दिली — बरं, तुमचा काही दोष नाय हर्षदभाऊ, पेणहून एवढ्या उन्हात गाडी मारत आलात, वडखळला ट्रॅफिक लागलंच असेल. बसा. पाणी घ्या. मी वाल सोलत बोलले तर चालेल ना? मोड आलेत, आज सोलले नाय तर उद्या वास मारतील. आणि हात चालू असला की मला बरं पडतं, तोंड सरळ चालतं. बाहेर ओट्यावर बसलेत ते आमचे हे. पहिली शिफ्ट करून आलेत. तुम्हाला 'जय मसीह' म्हणाले ना? तेवढंच बोलतात.

रविवारी पडद्यावर दाखवणार म्हणता. आपल्या प्रार्थनेच्या संगतीला वीस वर्षं झाली म्हणून. मला माईक नाय, फक्त हा व्हिडिओ — चार मिनिटं. सोळा वर्षं मी सभेत उभी राहून साक्ष देते, देवाने माझ्या घरात काय केलं ते, पेणला, रोह्याला, नागोठण्याला, आणि आता चार मिनिटं, ती पण छापलेली. बरं. पण रविवारी माझी अनिता येणार आहे ऐकायला. माझी लेक. पेणलाच असते, दवाखान्यात नर्स आहे, तुम्ही पाहिली नसेल, ती संगतीत येत नाय. तीन महिने झाले, माझा फोन उचलत नाय. परवा फक्त निरोप आला, लेखी, मोबाईलवर. 'आई, या वेळी पूर्ण साक्ष दे. मी मागे उभी राहून ऐकीन. पूर्ण नाय दिलीस तर मला परत फोन करू नको.' एवढंच. म्हणून म्हणते, कागद बाजूला ठेवा आणि आधी ऐका काय ते. मग लावा तुमचा दिवा.

यात काय लिहिलंय बघा. 'माझे पती दारूच्या बंधनात होते. बावीस ऑक्टोबर दोन हजार आठ रोजी मी देवाने दिलेला अधिकार वापरून दारूच्या आत्म्याला हुकूम केला, आणि त्याच दिवसापासून त्यांनी दारूला स्पर्श केला नाही.' तारीख बरोबर आहे. बुधवार होता. तारीख माझ्याच वहीतून गेली. त्या फडताळात बघा, एकोणीस वह्या आहेत, दोनशे पानी. मी चौथी शिकलेली, भाऊ, सही करताना घाम फुटायचा. प्रवचन उतरवून उतरवून लिहायला शिकले. कुठं सभा झाली, कोण कोण आलं, पाऊस होता की नाय, कोणासाठी प्रार्थना केली, त्याचं पुढं काय झालं — सगळं. पास्टर स्वतः मला फोन करून विचारतात, सिस्टर, अमकी कधी बरी झाली, तारीख सांगा. म्हणजे माझ्या वहीवर संगती चालते म्हटलं तरी चालेल. नाय, अभिमान नाय. होता. सांगते.

या घरात मी सून म्हणून आले तेव्हा सगळ्यांचं जेवून झाल्यावर जेवायचे. सासू म्हणायची, रंभा गो, तू आलीस आणि म्हैस आटली. दहा वर्षं म्हशीचं ऐकलं. हे पिऊन येत, कधी स्वतः आपटायचे, कधी मला आपटायचे. तशात रोह्याला नणंदेच्या अंगणात पास्टर आले, आम्ही आठच जण होतो, सतरंजीवर. तेव्हा पास्टरांना मिशी पण धड नव्हती. मला विचारलं, तू कोण आहेस? मी म्हटलं, काळुरामची बायको. म्हणाले, नाय. तू राजाची लेक आहेस. विनवण्या नोकर करतो. लेकीने हुकूम करायचा असतो, अधिकार तुझ्या तोंडात ठेवलाय. भाऊ, त्या दिवशी मी रोह्याहून निडीला कशी आले मला ठाऊक नाय. मला कोणी विचारलंच नव्हतं तोपर्यंत, तू कोण म्हणून. तुम्ही हसाल, पण मी घरी येऊन आरशात बघितलं.

मग केला हुकूम. बावीस ऑक्टोबरला. चुलीजवळ उभी राहून, हात असा पुढे करून, 'निघ या घरातून, येशूच्या नावाने निघ' — आणि पडवीत सासू बसलेली, तिला वाटलं मी तिलाच सांगते, बोचकं बांधायला लागली. हसा, हसा. मी पण नंतर हसले. आणि हे काय म्हणाले, 'कोण निघू? घर माझ्या बापाचं आहे.' असं म्हणून गेले आणि आणखी पिऊन आले. ही त्या दिवसाची गोष्ट. वहीत लिहिलंय, 'आज अधिकाराने हुकूम केला.' पुढे काय झालं ते नाय लिहिलं. त्यानंतर तीन महिने पीत होते. पास्टरांना सांगितलं तर म्हणाले, सिस्टर, वर त्याच दिवशी झालं, आपल्या डोळ्यांना उशिरा दिसलं, म्हणून साक्षीत तीच तारीख धरायची. मला पटलं. का नाय पटणार? मला पटायचंच होतं.

दारू सुटली कधी ते विचारा ना. सतरा जानेवारी, शनिवार. तेव्हापासून आजपर्यंत थेंब नाय, ते खरं आहे, ते छापा. पण झालं काय — अनिता नऊ वर्षांची. मी तिलाही शिकवलेलं. तू पण राजाची लेक, भ्यायचं नाय, हात पुढे करायचा, हुकूम करायचा. शाळेतल्या कवितेसारखं पाठ होतं तिचं. त्या दुपारी हे दारात झोकांड्या देत आले, माझ्या अंगावर हात उचलला, आणि ती मध्ये येऊन उभी राहिली. एवढीशी. फ्रॉकची गुंडी तुटलेली. हात असा पुढे. म्हणाली, 'येशूच्या नावाने निघ.' बापाला. आणि यांनी दिली तिच्या कानाखाली. डाव्या. वीटभट्टीवर राबलेला हात तो, तेव्हा कंपनी लागली नव्हती. ती पडली नाय, भाऊ. उभीच राहिली, माझ्याकडे बघत — की मी बरोबर म्हटलं ना? काही चुकलं का? आणि कानातून रक्त आलं, बारीक, गळ्यापर्यंत. ते बघून हे खाली बसले. ते जे बसले ते उठले तेव्हा पिणारे नव्हते. हुकुमाने नाय सुटली. हे सोळा वर्षांत मी आज पहिल्यांदा तोंडाने म्हणते.

पास्टरांना माहीत आहे का? माहीत आहे ना. मीच सांगितलं, त्याच आठवड्यात. ते म्हणाले, सिस्टर, हे साक्षीत नको. कोवळे विश्वासी आहेत, डगमगतील. कान तापाने गेला म्हणा. मी म्हटलं, हो. शाळेत तापाने, पाहुण्यात तापाने. अनिता बाजूला उभी राहून ऐकायची — उजवा कान माझ्याकडे करून. अजून तशीच चालते, माणसाच्या डाव्या अंगाने, म्हणजे चांगला कान त्याच्याकडे. आणि तुम्हाला वाटतं यांनी लपवलं? नाय हो. एकदा उभे राहिले हे, पेणच्या सभेत, माझी साक्ष झाल्यावर. कधी न बोलणारा माणूस, माईक हातात घेतला, म्हणाले, 'मला माझ्या मुलीबद्दल सांगायचंय' — आणि पास्टरांनी खांद्यावर हात ठेवला, हालेलुया म्हणाले, आणि कीबोर्ड सुरू झाला. गाणं सुरू झालं, सगळे टाळ्या वाजवतायत, आणि हे मधे उभे, रडतायत. लोक म्हणाले बघा, आत्म्याने भरले. दर वेळी रडतात माझ्या साक्षीला. दर वेळी लोक तेच म्हणतात. आता सतरंज्या उचलतात, खुर्च्या मांडतात, बोलत नाय. माझ्याशी पण नाय, जेवताना मीठ मागतात तेवढंच.

तुम्ही म्हणाल पास्टरांनी गप्प केलं. मी पण तसंच म्हणत आले. पण खरं सांगू? मला खुर्ची मिळाली होती, भाऊ. पुढच्या रांगेत, खिडकीजवळची. पेणच्या मास्तरणी, बँकेतल्या बायका, नऊवारीतल्या, पंजाबी ड्रेसमधल्या, माझ्यापुढे डोकं वाकवून सांगायच्या, सिस्टर, आमच्यावर हात ठेवा, तुमच्यात अधिकार आहे. म्हैस आटवणारी मी. कान साक्षीत आला असता तर खुर्ची राहिली असती का? नसती. मग नाय आणला. आनंदाने नाय आणला. मी राजाची लेक झाले आणि माझी लेक तापाने बहिरी झाली. झालं.

नाय, थांबा, उठू नका. अनिता यासाठी नाय रुसली. मार तर तिला ठाऊकच होता, तिच्याच कानाखाली बसला, आणि बापाला तिने केव्हाच माफ केलंय, दिवाळीला त्यांना शर्ट पाठवते. तीन महिन्यांपूर्वी रजेवर आली होती, इथंच, तुम्ही बसलात तिथं बसून माझ्या वह्या चाळत होती. कौतुकाने हो. आई तू केवढं लिहितेस. आणि दोन हजार नऊची वही काढली. मी आत भाकऱ्या थापत होते. आवाज बंद झाला म्हणून बाहेर आले, तर ही माझ्याकडे बघतेय — तशीच, नऊ वर्षांची असताना बघितलं तशी. वही पुढे केली. द्या ती इकडे, निळ्या पुठ्ठ्याची — हा. वाचू? 'अठरा जानेवारी, रविवार. थंडी. अनिताचा कान दुखतो. अभिषेकाचं तेल दोन थेंब सकाळी, दोन थेंब संध्याकाळी. कानाला हुकूम केला, उघड.' 'एकोणीस. दोन थेंब सकाळी, दोन संध्याकाळी. हुकूम केला.' 'वीस. दोन थेंब. ताप. ढळले नाय.' बघा कसं लिहिलंय, 'ढळले नाय' — विश्वासातून, म्हणजे डॉक्टरकडे नेलं नाय. 'चोवीस. कानातून पू. पास्टर म्हणाले घाण बाहेर पडते आहे, धन्यवाद करा. धन्यवाद केला.' असे अकरा दिवस. खोबरेल होतं, पास्टरांनी प्रार्थना करून दिलेलं, औषधाच्या जुन्या बाटलीत. बाराव्या दिवशी यांनी तिला उचललं आणि मला न विचारता रोह्याला नेलं, मी मागून धावत गेले. डॉक्टरांनी विचारलं, कानात काही घातलं होतं का? मी म्हटलं, नाय. हे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, नाय, काही नाय.

अनिता नर्स आहे. तिने एकच विचारलं. म्हणाली, 'आई, पडदा फाटलेला होता आणि तू त्यात तेल घातलंस?' मग म्हणाली, फाटलेला पडदा पुष्कळदा आपोआप भरतो, आई, लहान मुलांचा तर भरतोच, फक्त कोरडा ठेवायचा असतो. ओरडली नाय. बॅग भरली आणि गेली. आणि बघा हं — वहीत मार नाय. सतरा तारखेला लिहिलंय, 'वाल काढले. दुपारी घरात अशांती.' अशांती. एवढंच. तेल मात्र थेंब मोजून लिहिलंय, कारण मला तो विजय वाटत होता. मी येशूचं नाव सोडलेलं नाय, भाऊ, तसं पास्टरांना सांगू नका. नाव खरंच आहे. सकाळी उठून अजून तेच घेते. पण त्या नावाने कोणी काय काय करतं — मी केलं, दुसऱ्या कोणी नाय.

झालं. आता लावा दिवा. वाल बाजूला ठेवते, पदर नीट करते. कागद नको मला. पहिल्यापासून सांगते, अनिता मध्ये उभी राहिली तिथून, तेलापर्यंत. चार मिनिटांत बसवते, मला सवय आहे.

काय झालं? बॅटरी?

आत्ता तर हिरवं दिसत होतं. आल्या आल्या तुम्हीच म्हणालात, फुल आहे. इथं प्लग आहे ना, हा बघा, लाईट आहे. चार्जर विसरलात. बरं. आणि कागदावरचं तेवढं दोन मिनिटांत होईल म्हणता, तेवढी आहे बॅटरी? असू दे, भाऊ. तुम्ही नका लाजू. तिथं कीबोर्ड होता, इथं बॅटरी. घडी करा त्या तीन पायांची. हा कागद पण घ्या, पास्टरांना परत द्या, माझ्या घरात नको.

तो पेन द्या जरा. नाय, सही नाय करायची, वहीत लिहायचंय. सतरा जानेवारीच्या खाली जागा आहे अजून, दोन ओळींची. पुरेल. ... 'यांनी अनिताला मारलं. मी शिकवलं ते बोलली म्हणून.' ... बघा, बसलं.

रविवारपर्यंत नाय थांबत मी. पावणेचारची गाडी आहे निडीवरून, पेणला तिची ड्युटी सहाला सुटते. दवाखान्याच्या फाटकाशी उभी राहीन. तिच्या उजव्या बाजूला. वही तिच्या हातात देईन, मग तिने काय ते करावं.

अहो, ऐकलंत का — मी पेणला चाललेय. तुम्ही येता का? चपला... घातल्यात होय. कधीपासून?

हर्षदभाऊ, तुमची गाडी तेवढी दारातून काढा. आम्हाला निघायचंय.