'वरचं बिऱ्हाड'मधला आतला माणूस

...आणि वर मलाच विचारते, "काका, तुम्ही पिक्चर नीट बघितलाय का?" नीट! मला! अहो, तुम्हाला सांगतो, ज्या पिक्चरसाठी मी ऐन मे महिन्यात फोम, रेक्झिन आणि फायबरच्या डोक्यात उकडून निघालो, उकडलेला बटाटा बरा, त्याला निदान कुणी मीठ तरी लावतं, तो पिक्चर नीट बघितला का म्हणून ही हडपसरच्या कंपनीतली मुलगी मला विचारते! तोंडाला जांभळा रंग फासून, कपाळावर तिसरा डोळा चिकटवून, भर दुपारी, स्वारगेटजवळच्या थेटरात, रांगेत! मी म्हटलं, बाई गं, बघणार कुठून? मी आत होतो!

थांबा, तुम्हाला काहीच कळलं नसेल. पहिल्यापासून सांगतो.

मी बाबुराव ओव्हाळ. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त, मुक्काम धायरी. नोकरी पोटासाठी केली, जीव सगळा नाटकात. खात्याच्या नाट्यस्पर्धेत वर्षानुवर्षं कामं केली... कामं म्हणजे कसली, तर प्रेत, पहारेकरी आणि पडद्यामागून "अहो, तार आलीये" म्हणून ओरडणारा शेजारी. एका नाटकात तर तिन्ही अंक पांघरुणाखाली आजारी आजोबा. तेव्हा आमची कांता बघायला आली होती, परत येताना बसमध्ये एवढंच म्हणाली, "घोरणं छान जमलं होतं." अहो, ते काम नव्हतं, मला खरंच झोप लागली होती!

तर आमच्या विहारासमोर राहणारा प्रज्ञेश. हुशार पोरगा, हडपसरला सॉफ्टवेअर कंपनीत चांगली नोकरी, कंपनीची गाडी न्यायला यायची आणि सोडायला यायची. एक दिवस नोकरी सोडून घरी आला आणि म्हणाला, "काका, पिक्चर काढतोय. परग्रहावरचा माणूस पुण्यात भाड्यानं खोली शोधतो. 'वरचं बिऱ्हाड'. मुख्य भूमिका तुमची." मुख्य! मी खुर्चीतून उठलोच. पण शेवटी पुणेकर माणूस, आनंद झाला तरी आधी खोट काढायची, म्हणून म्हटलं, "कुठल्या इंग्रजी पिक्चरवरून उचललंयस?" पोरगं लालबुंद झालं! "कुठल्याच नाही! दिवसरात्र त्यांचेच प्रोग्रॅम दुरुस्त करत होतो काका, आता निदान एक गोष्ट तरी आपल्या डोक्यातली काढू द्या! त्यांचा परग्रहवासी आला की शहर जाळतो. आपला आला की घरमालकीण दार अर्धं उघडते आणि विचारते, आडनाव काय?"

मी हसलो. आणि मग, तुम्हाला सांगतो, हसता हसता थांबलो. कारण नवीन लग्न झालं तेव्हा मी आणि कांता याच शहरात खोली शोधत हिंडलो होतो, आणि दार असंच अर्धं उघडायचं, आणि प्रश्नही हाच असायचा. खोली कालपर्यंत रिकामी असायची, आडनाव ऐकलं की आजच गेलेली असायची. मी प्रज्ञेशला म्हटलं, "करतो. मेकअप कोण करणार?" तो म्हणाला, "मेकअप थोडा जास्त आहे काका."

थोडा! अहो, गणपतीचे हलते देखावे करणारा आमचा कोंडीराम, त्यानं ते डोकं बनवलं होतं. मूळचं राक्षसाचं, शिंगं कापली, जांभळा रंग दिला, डोळे फिरायला आत वायपरची मोटर! ती मोटर माझ्या कानाशी घुर्रर्र करायची, बाहेर बघायला डाव्या बाजूला एक भोक, त्यातून फार तर कॅमेऱ्याचा एक पाय दिसायचा. कोण बोलतंय, कुठं बोलतंय, काही पत्ता नाही. मी आत होतो! आतून मी ओरडायचो, "पाणी द्या रे, पाणी!" आणि बाहेर ऐकू जायचं, "गुडगुड गुळूळूप." प्रज्ञेश म्हणाला, "वा काका! हीच भाषा ठेवू." ठेवली. पाणी नाही दिलं.

पिक्चर लागला, आणि आपल्याकडे कशाचं कधी काय होईल सांगता येत नाही, पहिल्या आठवड्यात खुर्च्या रिकाम्या आणि दुसऱ्या आठवड्यात ही कंपन्यांमधली पोरं पेटली! ऑर्कुटवर मंडळ काढलं, 'आम्ही वरचे'! जांभळे शर्ट शिवले! गुडगुडीचा शब्दकोश केला! पडद्यावर घरमालकीण म्हणाली "आडनाव काय?" की अख्खं थेटर उठून एका सुरात, "गुडगुड गुळूळूप!" अहो, ती कसली परग्रहाची भाषा, ती माझी तहान होती हो!

इकडे घरी काय? आमची कांता रोज सकाळी पंचशील म्हणणारी बाई. खोटं बोलणार नाही, हे त्यातलं चौथं. नुसतं म्हणत नाही, पाळते, म्हणून तर माझ्या नाटकांबद्दल आयुष्यात चांगलं बोलली नाही. तर अशा बाईनं विहारातल्या बायकांना मोठ्या अभिमानानं सांगितलं, "आमच्या यांचं सिनेमात मुख्य काम आहे." बायका रिक्षा करून गेल्या, पिक्चर बघून आल्या, आणि वेणूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "कांताबाई, डोळे फाडून बघितलं हो. तुमचे हे काही कुठं दिसले नाहीत." झालं! खालच्या मजल्यावरचा दत्तप्रसाद मला जिन्यात अडवून म्हणतो, "तुम्ही तो परग्रहवासी? अरे वा! मी ते यान होतो. ओळखलं नाहीत?" मला म्हणाला त्याचं काही नाही हो, पाटबंधाऱ्यात राहून कातडी जाड झालीय. पण कांता आठवडाभर विहारात मागच्या ओळीत बसायला लागली. हे मला सहन होईना.

तुम्ही म्हणाल, पाट्यांमध्ये नाव असेल की! आहे ना! पण प्रज्ञेशची नवी पद्धत, सुरुवातीला एकदम यान, नावं सगळी शेवटी. आणि शेवटी पुण्याचं पब्लिक काय करतं? नायिका रडायला लागली की हे उठलेच! का? तर स्टँडवरून स्कूटर काढायची, गर्दी व्हायच्या आत! पडद्यावर गोष्ट संपायच्या आधी अर्धं थेटर पार्किंगमध्ये. आणि उरलेलं अर्धं उठतंय तोवर डोअरकीपर दारं उघडून "चला, चला, पुढचा खेळ आहे", आणि वर मशीनवरचा गेनबा, पाट्या लागल्या रे लागल्या की खट्, बंद! मी स्वतः जाऊन बसलो, जागेवरून हललो नाही, पडद्यावर 'वेशभूषा' असं आलं आणि खट्. त्यामुळं माझं नाव कुणी बघितलंय? कुणीही नाही. मीसुद्धा नाही!

आणि गुरुवारी पिक्चर उतरणार. शुक्रवारी नवा लागणार. म्हणजे गुरुवारच्या मॅटिनीला नाव दिसलं तर दिसलं, नाहीतर कांता जन्मभर मागच्या ओळीत! मी म्हटलं, कांता, चल. वेणूबाईंना घे, सगळ्यांना घे. ती म्हणाली, "परत तोंडघशी पाडणार असाल तर आत्ताच सांगा." मी म्हटलं, चल तर!

तर रांगेत मी त्या जांभळ्या पोरांना सांगितलं, अरे, तो मी होतो, शेवटी पाट्या दाखवायला लावा. त्यांची पुढारी ती नम्रता, तिनं माझी परीक्षाच सुरू केली हो! "सांगा, यान उतरतं तेव्हा मागच्या दोरीवर काय वाळत असतं?" मी म्हटलं, मला काय माहीत, मी आत होतो! "बरं, तो मान डावीकडे का कलवतो?" भोक डावीकडे होतं म्हणून! "चूक! त्यांच्या ग्रहावर चंद्र डावीकडून उगवतो." मी म्हटलं, असेल. "जिना उतरताना उजवा पाय का ओढतो?" अहो, गुडघा धरतो माझा! "गुरुत्वाकर्षण, काका!" आणि तिच्या मागचा तो आयुष, पाठीवर कंपनीची बॅग, गळ्यात कंपनीचा पट्टा, तो अगदी प्रेमानं म्हणतो, "जाऊ दे काका, पुढच्या वेळी तयारी करून या." माझ्याच आयुष्यात मी नापास! आणि मागं वेणूबाईंनी कांताकडे असं बघितलं, असं बघितलं...

पिक्चर सुरू झाला. काय सांगू, पोरांनी डोक्यावर घेतलं थेटर! यान उतरलं, शिट्ट्या! मी जिना उतरलो, म्हणजे पडद्यावरचा मी, टाळ्या! पण "आडनाव काय?" आलं तेव्हा ती चारशे पोरं उठून जी काही ओरडली ना, अहो, माझ्या अंगावर काटा आला. कांतानं अंधारात माझा हात धरला. तिला ती दारं आठवली असणार, मलाही आठवली. मनात म्हटलं, विचारा आता! बघू कोण दार लावतंय ते!

शेवट आला. यान उडालं. पार्किंगवाले उठले, दारं उघडली, पाट्या लागल्या, 'वेशभूषा'... खट्! दिवे लागले. मी संपलो. आणि तुम्हाला सांगतो, आमची कांता उठली. जी बाई रिक्षावाल्याशीसुद्धा आवाज चढवून बोलत नाही, ती खुर्चीवर उभी राहिली, पदर खोचला आणि म्हणाली, "माझ्या नवऱ्याचं नाव बघितल्याशिवाय मी इथनं हलणार नाही!"

मॅनेजर आला. "बाई, तिकीट पिक्चरचं काढलंय, नावांचं नाही."

कांता म्हणाली, "आधी पानमसाल्याच्या जाहिराती दाखवल्यात, त्यांचं काढलं होतं का?"

अहो, टाळ्या! नम्रता उडी मारून तिच्या शेजारच्या खुर्चीवर चढली, "काकू बरोबर बोलतात! पाट्या बघून उठायचं! आपण रात्ररात्र जागून काम करतो, नाव येतं कुठं? इथं तरी येऊ द्या कुणाचं तरी!" आणि मग सगळी पोरं मांडी घालून जमिनीवर, "पाट्या! पाट्या!" वेणूबाईंचा आवाज सगळ्यात वर! पार्किंगमधनं स्कूटर काढलेले लोक हेल्मेटसकट परत आले, काय चाललंय बघायला! मॅनेजरनं घड्याळ बघितलं, पोरं बघितली, कांताकडे बघितलं, आणि वरती बघून ओरडला, "गेनबा, लाव रे बाबा रीळ!"

जिंकलो हो! आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी पडदा परत वर गेला!

आता रीळ मागं घ्यायला वेळ लागणार. तेवढ्यात आयुष म्हणाला, "काका, तोवर चालून दाखवा." पोरांनी घरी केलेलं एक डोकं होतं, पुठ्ठ्याचं, जांभळं, माझंच वाटावं इतकं हुबेहूब. ते घातलं माझ्या डोक्यात, चढवलं स्टेजवर. मी चाललो. काही अभिनय केला नाही, गुडघा धरला तसा उजवा पाय ओढत, एक भोक सापडेल तिकडं मान कलवत, आपला चाललो. आणि थेटर फुटलं! "तेच! तेच आहेत!" नम्रता रडायला लागली म्हणे. "वरचे! वरचे!" मला खांद्यावर घेतलं! मी, ज्यानं जन्मभर प्रेताची कामं केली, ज्याला नेहमी चौघं उचलून आत न्यायचे, त्याला पहिल्यांदा लोकांनी जिवंतपणी उचललं!

आणि इतक्यात दिवे गेले. मागं मशीनची घरघर. पाट्या सुरू! मी म्हटलं, अरे फिरवा मला, तोंड पडद्याकडे करा! डोकं काढा! तर ते डोकं कानाला अडकलं, निघेना! मी जीव तोडून ओरडलो, "अरे काढा, काढा हे, नाव जातंय माझं!" आणि ती चारशे पोरं आनंदानं वेडी होऊन एका सुरात मला उत्तर देतात, "गुडगुड गुळूळूप!"

मग एकदम टाळ्या. अशा टाळ्या, की माझ्याखालची पोरं हलली. किती वेळ चालल्या, सांगता येत नाही. थांबल्या तेव्हा कुणीतरी ते डोकं उपटून काढलं, पडदा पांढरा झाला होता, आणि डोअरकीपर म्हणत होता, चला, चला.

बाहेर आलो. वेणूबाईंनी कांताला मिठी मारली, विहारातल्या सगळ्या बायका तिच्याभोवती. दत्तप्रसादला आता जिन्यात गाठतोच. बसमध्ये कांता माझ्याशेजारी बसली, डोळे पुसले, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कामाबद्दल चांगलं बोलली. म्हणाली, "काय सुंदर आलं होतं हो नाव! पडदाभर! आडनावासकट! बघितलंत ना?"

मी म्हटलं, कांता, तू खोटं बोलत नाहीस, म्हणजे आलं असणार.

मी आत होतो!