मैदान ठेवायचं कुठं

—नाय नाय, तसं नाय साहेब, तुम्ही पेपरात वाचलंत ते अर्धंच. टीम जाणार, टीम जाणार म्हणून बोंब झाली, टीम कुठं गेली? इथंच आहे. जातोय मी. बसा ना, उभे का, ती खुर्ची ओढा, वरचं कापड खाली ठेवा, कुणाचं नाय ते. नवी पँट घातलीत ना, लांबी बघतो मी, दोन मिनिटांचं काम आहे. तुमचं नाशिक ना? आवाजावरून कळलं. मी श्रीवर्धनचा, कादिर. सौदीच्या या कोपऱ्यात, खमीस मुशैतमध्ये, मराठी माणूस दुकानात शिरला की मला मशीन थांबवायलाच लागतं, बोलायला आहे कोण? घरी बायको आहे, पण ती आता— ते जाऊ दे. आधी टीमचं ऐका.

आमच्या टीमचं नाव सहाब. सहाब म्हणजे ढग. आता ढग नाव ठेवल्यावर एका जागी राहायची अपेक्षा कशाला करायची, असं मी पहिल्यापासून म्हणत होतो. वर्षानुवर्षं खालच्या लीगमध्ये हरत होते बिचारे, कुणाला त्रास नव्हता. समोर ते जुनं मैदान दिसतंय ना, तिथं खेळायचे, चार म्हातारे शेंगदाणे खात बघायचे, झालं. आणि मग ह्यांना काय सुचलं— जिंकले! वरच्या लीगमध्ये गेले. गाव रस्त्यावर आलं, गाड्यांचे हॉर्न, झेंडे. झेंडे कुणी शिवले? मी. पण वरच्या लीगचा नियम असा, की मैदान मोठं पाहिजे, नवं पाहिजे, दिवे असे पाहिजेत, खुर्च्या तशा पाहिजेत. जुन्यात ते काय नाय. म्हणजे जिंकून पंचाईत झाली. मैदान द्या, नाय तर परत खाली. तेवढ्यात जेद्दाचा एक पैसेवाला म्हणाला, आमच्याकडं मैदान तयार आहे, टीम आम्हाला द्या. झालं सुरू.

तीन मतं झाली साहेब. एक— जुनंच दुरुस्त करा. दुसरं— गावाबाहेर पठारावर नवं बांधा. तिसरं— जाऊ दे जेद्दाला, टीव्हीवर बघू. आणि गंमत बघा, ज्याचं जे मत, त्याचं त्यात काहीतरी होतंच. पठारावर बांधा म्हणणाऱ्यांत माझा घरमालक सगळ्यात पुढं, छाती ठोकून सांगायचा, गावाची प्रगती झाली पाहिजे— त्याची जमीन कुठं? पठारावर. जेद्दाला जाऊ द्या म्हणणारा तो कोपऱ्यावरचा कॅफेवाला, त्याच्याकडं मोठा टीव्ही. जुनंच ठेवा म्हणणारे आम्ही, ह्या ओळीतले दुकानदार. आमचं काय होतं त्यात? आमचं प्रेम होतं. हसू नका.

आणि झेंडे मी तिघांचेही शिवले. का नाय शिवणार? ‘सहाब इथंच राहणार’ सकाळी, ‘पठाराकडे चला’ दुपारी, ‘जेद्दा जिंदाबाद’ पडदा ओढून. कापड हिरवंच, अक्षरं तेवढी वेगळी. एकदा अक्षरांची गफलत झाली, पठारवाल्यांच्या मिरवणुकीत जेद्दाचा झेंडा गेला. त्यांनी अर्धा रस्ता चालून झाल्यावर वाचला.

आता आपले लोक बघा. आपल्याला इथं विचारतंय कोण? आपला इकामा, म्हणजे राहायचा परवाना, कंपनीच्या हातात, कंपनीने म्हटलं राहा तर राहायचं, म्हटलं यल्ला तर निघायचं. मैदानाचं मत आपल्याकडं मागितलं कुणी? पण आपल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर जी जुंपली! हे बँकेतले उमाकांतराव— ओळखता ना, तुम्हीही बँकेतलेच दिसता, तुमचेच साहेब असतील— त्यांनी लिहिलं, ‘सस्टेनेबल विचार करता पठारच योग्य.’ मी लिहिलं, साहेब, तुम्ही आयुष्यात एक मॅच बघितलीय का? ते म्हणाले, तुम्ही बघितलीय का? आता— बघितली नव्हती. पण मी रोज समोर बसतो ना! आवाज ऐकतो. आवाजावरून गोल कुणाचा ते सांगू शकतो मी. शेवटी उमाकांतराव ग्रुप सोडून गेले, गणपतीच्या वर्गणीचं काम अडलं, मग त्यांच्या मिसेसनी त्यांना परत आत घातलं. असं सगळं. ज्या गावात आपल्याला थडग्याचीही जागा नाय, तिथल्या मैदानावरून आपण अबोले धरतो.

जरा उभे राहा, पाय सरळ ठेवा. बूट हेच घालणार ना?

तर माझं मत जुन्याचं होतं. आणि माझ्या घरात— अख्तरी, माझी बायको— तिचं मत पठाराचं. हो! आमच्या घरात दोन पार्ट्या. तुम्ही म्हणाल, बाईमाणसाला काय त्यातलं? मीही तेच म्हणालो होतो. आता तिचं सांगतो. लग्न होऊन आली तेव्हापासून ती ह्याच गावात. उमामाला, म्हणजे आमच्या मुलीला, शाळेत सोडायला बसच होती, भाजी मी आणायचो, कपडे मीच शिवायचो, बाहेर जायचं कशाला? मी काय अडवलं होतं? कधीच नाय. विचारलं असतं तर मी विचार केला असता. घर चांगलं होतं, एसी होता, खिडकीला मी स्वतः पडदा शिवला होता— डबल अस्तराचा, बाहेरून काडीचं काय दिसायचं नाय. आतूनही नाय म्हणा. पण पडदा चांगला होता, अजून आहे, रंग उडाला नाय.

मग वरच्या मजल्यावर उम्म रय्यान राहायला आली. इथलीच, सौदी बाई. तिचा मुलगा रय्यान सहाबमध्ये, बॅकला खेळतो, बरा आहे. मुलाची मॅच बघायला एकटी कशी जायची म्हणून ती अख्तरीला घेऊन गेली. आता बायकांना मैदानात परवानगी आहे, काही वर्षं झाली. मी म्हटलं, जाऊ दे एकदा, कंटाळून येईल. कसली कंटाळते! दर मॅचला. गळ्यात हिरवा मफलर— मी शिवलेला नाय, विकत घेतलेला. घरी आली की आवाज बसलेला. अख्तरीचा आवाज बसलेला मी आयुष्यात ऐकला नव्हता साहेब, आवाज तरी कुठं ऐकला होता. जेवताना मला विचारते, ‘ऑफसाइड म्हणजे कळतं का तुम्हाला?’ मी म्हटलं, मीठ दे.

जुनं मैदान मला बरं वाटायचं त्याचं हेही एक— ह्या मशीनवर बसलं की समोरचं गेट दिसतं. ती कधी आत गेली, कधी बाहेर आली, कुणाबरोबर आली. संशय नाय हो! काळजी. परकं गाव. पठारावर गेलं मैदान तर इथून काय दिसणार? डोंगर.

पण तिचं म्हणणं, जुन्या मैदानात बायकांचं काय नाय. खरंच नव्हतं. एका कोपऱ्यात ताडपत्री बांधून चार बाकडी, गेट पुरुषांचंच, त्यातून गर्दी ओसरल्यावर जायचं. आणि संडास नाय. हाफटाइमला ह्या बाया रस्ता ओलांडून पेट्रोलपंपावर जायच्या, परत येईपर्यंत कधी गोल होऊन जायचा. रय्यानने एकुलता एक गोल मारला तेव्हा त्याची आई पंपावर रांगेत होती. म्हणून ती म्हणायची पठार, नवं बांधतील तर नीट बांधतील. मी म्हणायचो जुनंच, दुकान आहे. ती म्हणाली, ‘तुमचं दुकान आणि माझं मैदान एकाच तराजूत घालता तुम्ही.’ मग आम्ही बोलायचं थांबलो. म्हणजे कामाचं बोलायचो. चहा ठेवलाय. वीज गेली. एवढंच.

मग क्लबने सभा घेतली. लग्नाच्या हॉलमध्ये, पुरुष पुढं, कुटुंबं बाजूला. क्लबचा सेक्रेटरी हम्माद— चांगला माणूस, तोब, तो पांढरा पायघोळ झगा, माझ्याकडंच शिवतो— मध्ये उभा. रियाधहून इंजिनियर आले होते, टेबलावर तीन मैदानांची मॉडेलं, काचेखाली, बर्थडेच्या केकसारखी. झाडं होती त्यात साहेब, बारीक बारीक मोटारी होत्या, कॉफीचं दुकान होतं, बड्या लोकांची लिफ्ट होती. घरमालक बोलला प्रगतीवर. जेद्दावाला बोलला, की टीम काय गावाची नसते, हृदयाची असते, आणि हृदय कुठंही नेता येतं. टाळ्या पडल्या. आमच्यातर्फे मी बोलणार होतो, लिहून नेलं होतं, पण माझं अरबी म्हणजे दुकानाचं अरबी— लांब, आखूड, सैल, उद्या या. कागद घडी करून खिशात घातला, बसलो खाली.

आणि बाजूने आवाज आला बाईचा. अरबीत. फडाफडा. मी म्हटलं, कोण ही? शेजारचा म्हणाला, तुझीच ना?

मला माहीतच नव्हतं तिला अरबी येतं. घरात कधी बोलली नाय. माझ्याशी कशाला बोलेल अरबी? तिकडं बाकड्यावर बसून शिकली, त्या बायांकडून, शिव्यांसकट. विचारते काय, तर, ‘हम्मादभाऊ, ह्या तिन्हीत बायकांनी आत कुठून शिरायचं?’ बस. इंजिनियर वाकून बघायला लागला आपल्याच मॉडेलमध्ये. इकडून बघतो, तिकडून बघतो. म्हणाला, त्याचा अभ्यास चालू आहे. तशी उम्म रय्यान उठली, म्हणाली, ‘माझ्या पोराचा गोल मी पेट्रोलपंपावर ऐकला.’ मग तिसरी उठली, मग सगळ्या. आणि पुढं बसलेले पुरुष, ज्यांच्याच बायका-आया त्या, सगळे आपापल्या चपला न्याहाळत बसले. मीही. माझ्या चपलेचा अंगठा तुटलाय हे मला तेव्हा कळलं.

शेवटी ती जेद्दावाल्याकडं वळली. काय काय बोलली, सगळं नाय कळलं मला. पण घर शब्द मला येतो. म्हणाली, ‘टीम गेली तर हे पुरुष टीव्ही लावतील. मी परत घरात.’ एवढंच. आवाज चढवून नाय, साधं, वाण्याकडं साखर मागावी तसं. माझ्याकडं बघून नाय म्हणाली. माझ्याकडं बघून म्हणाली असती तर बरं झालं असतं.

पिन टोचली का? सॉरी. झालं, बसा आता.

मग काय, जेद्दावाल्याने पुढच्या आठवड्यात हात काढून घेतला, म्हणे त्याला दुसरी टीम मिळाली, तिचं हृदय हलकं होतं बहुतेक. पठारावर पाणी न्यायचं त्रांगडं निघालं, घरमालकाची प्रगती बसली. आणि निकाल लागला— जुनंच मैदान! दुरुस्त करणार, वाढवणार! साहेब, मी नाचलो. ह्या अख्ख्या ओळीत मिठाई वाटली, उमाकांतरावांच्या घरी मुद्दाम डबा पाठवला. म्हटलं, शेवटी आम्ही जिंकलो.

तिसऱ्या दिवशी हम्माद नकाशा घेऊन आला. इथं, ह्याच टेबलावर पसरला. म्हणाला, ‘कादिर, तुझ्या बायकोने गावाचे डोळे उघडले, मबरूक, अभिनंदन.’ बायकांचं वेगळं गेट, वेगळा स्टँड, लहान पोरांची खोली, संडासांची रांगच रांग. सुंदर काढलं होतं. मी म्हटलं, छान, पण हे सगळं कुठल्या बाजूला? मागं तर डोंगर आहे. त्याने बोट ठेवलं. रस्त्याची ही बाजू. ही ओळ. रस्ता आत घेऊन, ही सगळी दुकानं पाडून. तुम्ही बसलात ना, ती तिकीटखिडकी. माझं मशीन आहे तिथं— जाऊ दे काय आहे तिथं, बायकांचं आहे.

घरी जाऊन म्हटलं, बघितलंस काय केलंस? ती कांदा चिरत होती. म्हणाली, ‘दुकान चाललं त्याचं मला वाईट वाटत नाय असं समजू नका. पण गेट पायजे.’ मी म्हटलं, आणि मी? म्हणाली, ‘तुम्हाला गेट कशाला, तुम्ही तर कुठूनही जाता.’ उत्तर आहे, मला सुचलं होतं नंतर, पण तेव्हा ती नमाजला उठली होती.

नवी जागा? मिळाली ना. कापडबाजाराच्या मागं, उम्म रय्यानच्या भावाची इमारत. कुणी बघितली? बघितली कुणीतरी. बायकांचे अबाये, ते काळे झगे, शिवायचे, मापं अख्तरी घेणार, मी आत बसून शिवायचं. समोर भिंत आहे. उजेड बरा आहे. हे मी तुम्हाला सांगायचं नव्हतं खरं, ग्रुपवर टाकू नका, उमाकांतरावांना कळलं तर—

आज? आज मॅच आहे, म्हणून घाई. मीही जातो हल्ली. दोनदा गेलो. पुरुषांच्या बाजूला नाय हो, तिथं फार ओरडतात, मी कुटुंबाच्या बाजूला बसतो, त्याच ताडपत्रीखाली, नवं होईपर्यंत तिथं तात्पुरतं दार केलंय. तिथं एकट्या पुरुषाला सोडत नाय, घरची बाई बरोबर पाहिजे. ती हात वर करून सांगते दारावरच्या पोलिसाला, हा माझ्याबरोबर आहे, मग सोडतात. पहिल्या दिवशी तिला बायका भेटल्या, ती गेली पुढं बोलत बोलत, मी राहिलो बाहेर. पोलीस म्हणाला, बाबा, तुमचं कोण आहे आत? मी म्हटलं, आहे. तो म्हणाला, मग ती येईपर्यंत थांबा. थांबलो. हवा छान होती. बराच वेळ थांबलो, पहिला गोल मी बाहेरच ऐकला, आमचा होता, आवाजावरून—

आलो! आलो गं! बघितलंत? रस्त्यापलीकडून नावाने हाक मारते, भर रस्त्यात, सगळ्या ओळीसमोर. त्या चौघी आहेत ना, त्यातली मफलरवाली. —अगं आलो, गिऱ्हाईक आहे! —काय म्हणते? पुढं जाते म्हणते. नाय नाय, साहेब, उठा तुम्ही. पँट उद्या न्या. शिवून झाली नाय हो, नुसती टाचलीय, पिना आहेत, तशीच काढा, जपून. तिकडं पडद्याआड. लवकर करा ना. ती थांबणार नाय आणि तिच्याशिवाय मला सोडणार नाय आत. खलास, दुकान बंद. दार ओढून घ्या जाताना.