पाचव्या प्रकरणात मेलेला घड्याळजी

धाकटी : कपाट उघडायचं नाही म्हणजे नाही, दादा!

दादा : अगं, ऐकून तरी घे. तीन महिन्यांपूर्वी तूच दुकानात येऊन म्हणालीस ना, "तू कुलूपवाला आहेस, माझ्या कादंबरीची ही पहिली दहा प्रकरणं कोंडून ठेव, मी पाया पडले तरी देऊ नकोस"?

धाकटी : मग? मी कुठे मागतेय? तूच द्यायला निघालायस.

दादा : कारण मी ती वाचली.

धाकटी : वाचलीस? कोंडायला दिली होती, वाचायला नाही!

दादा : दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, हात शिवशिवले. आणि बरंच झालं. काल तू अठरावं प्रकरण वाचायला दिलंस. त्यात म्हातारा घड्याळजी नातीच्या लग्नात भाषण ठोकतो.

धाकटी : झकास ठोकतो.

दादा : पाचव्या प्रकरणात तो मेलाय.

धाकटी : काय?

दादा : जिन्यावरून पडून. त्याला पोचवायला तू दोन पानं घेतलीयस. मी रडलो गं, शपथ.

धाकटी : अरे देवा! दुसऱ्या खेपेला मारला होता, तिसऱ्या खेपेला जगवला होता... चौथ्या खेपेला परत मारला वाटतं. माझ्या डोक्यात जगवलेलाच राहिला.

दादा : म्हणून म्हणतो, ने घरी. आधी मागचं निस्तर. आठ वर्षं गेली, त्यात आणखी आठ दिवस.

धाकटी : आठ दिवस? घड्याळजीला हात लावला की जिना खटकेल, जिना नीट करताना घर खटकेल, आणि मी पुन्हा पहिल्या पानावर! तीनदा गेलेय मी तशी. दहाव्याच्या पुढे कधी सरकलेच नव्हते. आज अठरा झालीत, अठरा!

दादा : अगं, पण मेलेला माणूस भाषण करतो! लोक हसतील.

धाकटी : हसू देत की! हसायला आधी पुस्तक तर पुरं व्हायला हवं. अर्धवट पुस्तकाला कोणी हसतसुद्धा नाही. "काय, चाललंय का अजून लिखाण?" म्हणतात, मान वाकडी करून. वीट आलाय मला त्या मानांचा.

दादा : मीही विचारतो तसं?

धाकटी : तुझी मान सगळ्यात वाकडी.

दादा : बरं बाई. पण तुझे डोळे बघ, कसे खोल गेलेत. दिवसभर दवाखान्यात केसपेपर लिहायचे, वर हे. खरं सांगू, आज "सोड आता" असंच म्हणणार होतो.

धाकटी : म्हणून तर बघ!

दादा : नाही म्हणत.

धाकटी : भीती वाटते रे मला. हे नाही संपलं, तर जन्मभर मी "ती, लिहिणार होती ती" अशीच उरेन. नाही राहायचं मला तसं.

दादा : मग घड्याळजीचं काय?

धाकटी : जगेल. शेवटची ओळ लिहून होईपर्यंत मी त्याला मरू देणार नाही. नंतर बघू त्याचं काय करायचं ते.

(दादा कपाटाला कुलूप घालतो, किल्ली पकडीत धरतो आणि तिच्यावर कानस चालवतो.)

धाकटी : अरे, अरे! हे काय करतोयस?

दादा : दात घासून टाकले. आता तुलाही उघडता येणार नाही आणि मलाही.

धाकटी : आणि पुस्तक पुरं झाल्यावर?

दादा : तू पुरं कर. नवी किल्ली करायला मला दहा मिनिटं लागतात.