उजवा कान राहिलाय

— झाला बघा डावा. उघडा आता डोळं. अवं, बाळ तुमच्या मांडीवर, तार तिच्या कानात, आन् ओरडला तुमी! फौजेत हायसा म्हणं. — लाजू नगा, सगळ्याच मामांचं तसं हुतं. भाचीचे कान मामाच्या मांडीवरच टोचायचे, म्हणून बसवायचं तुमाला, न्हाईतर मामाचा उपेग काय त्यात? तिची आई शहाणी, पायरीखालीच थांबली पाठ फिरवून. ही बघा, गूळ चाटतीया, इसरली पण. आता उजवा राहिलाय. — करू की. दम खाऊ द्या तिला. मलाबी खाऊ द्या.

— वाजू दे. वाजू दे तो फोन. कंपनीचा असंल. दिवसभर इचारत्यात, लोन पायजे का, लोन पायजे का. हां, झाला बंद. — तर काय सांगत हुतो? दहिवडीवरनं एवढ्या लांब विट्याला आलासा, मायणीत गाडी बदललीसा, ती ह्या आकाराम पोतदाराच्या हाताचं नाव ऐकून. खरं हाय ते नाव. शाळेची पायरी मी चढलो न्हाई, सहीला अंगठा, पर कान म्हणशीला तर — लग्नात बायका जेवाय बसल्या की मी तोंडं बघत न्हाई, कान बघत जातो. ही माझी, ही माझी, ही बी माझी... ही न्हाई, हिचं भोक वाकडं हाय. तोंडावरनं मला सख्खी भाची वळखू येत न्हाई, कानावरनं तालुका वळखतो. लय गर्व हुता, पाव्हणं. मिशा न्हाईत मला, न्हाईतर पीळ भरला असता.

ही वाटी? मघाशी चमच्यानं वाजवली ती? — ते माझं नवीन खूळ हाय. टोचायच्या आधी आता ह्या कानाजवळ टिंग, त्या कानाजवळ टिंग. बाळ वळलं का बघायचं. वळली ना? दोन्हीकडं वळली, तुमी बघितलंसा. ध्यानात ठेवा हं, तुमी साक्षीला हायसा. — का म्हणजे? आता का म्हणून इचारल्यावर आली का पंचाईत! तुमी मुकाट्यानं बसला असता तर...

माझी नात हाय, पोराची पोरगी. नव्वं सरून दहावं लागलं. नाव प्रियदर्शनी — तिच्या आईनं ठेवलंय, मला एका दमात म्हणता येत न्हाई, मी पिऊ म्हणतो. पोरगं गलाईला, तिकडं कोइमतूरला सोनं आटवतंय, हितं मी, सूनबाई अंकिता आन् पिऊ. तर शाळेत गॅदरिंग हुतं, पिऊला नऊवारी नेसायची, आन् बुगडी पायजे कानाच्या वरच्या अंगाला. आई म्हणाली, चिकटवायची मिळती. मी म्हणलं, आकाराम पोतदाराच्या नातीला चिकटवायची बुगडी? दुकानाला टाळं लावू का? — लागला न्हाई का माझा मोठेपणा आडवा! बसवली हितंच, ह्याच पाटावर, उजव्या कानाला वर टोचलं. रडली न्हाई. असली नाचली गॅदरिंगात, काय सांगू.

चौथ्या दिवशी सकाळी उठून माझ्याकडं आली. आबा, म्हणं, ह्या कानात नुसतं सूं हुतंय, दुसरं काय येईना. मी चुटकी वाजवली. न्हाई. टाळी वाजवली. न्हाई. हीच वाटी वाजवली, पाव्हणं, पार कानाला टेकवून — तर वाटीकडं बघती, तोंडाकडं बघती, आन् म्हणती, वाजवा की.

मी टोचलेला कान! शीर तुटली, मी म्हणलं. सरलं. हात बिघडला, नाव गेलं. — बघा, नाव आधी आलं ध्यानात. पोरीचा कान मागनं आला. तुमी हसला तर चालंल, मी रोज हसतो ह्याला, दात घासताना.

मग काय केलं? शाण्या माणसानं एस.टी. पकडली असती. मी हळद उगाळली. तार काढली, खोबऱ्याच्या तेलात हळद घालून भोकाला लावली, सकाळ-संध्याकाळ. आन् पिऊला म्हणलं, आईला सांगू नगंस बाळा, तुझा आबा नीट करतोय. लय गुणाची पोर. न्हाई बोलली. — पुढचं तर ऐका, किती अक्कल चालावी एका अडाण्याची! जेवाय बसताना पिऊचा पाट मी भिंतीकडं सरकवला, आई डाव्या अंगाला ईल असा. शाळेला जाताना मी तिच्या उजव्या बाजूनं चालायचो, कुणी त्या अंगानं हाक मारली तर मीच हात दाबायचो. न ऐकणाऱ्या कानाच्या जागी उभा ऱ्हायलो. एवढी हुशारी दागिन्यात दावली असती तर सांगलीत माडी बांधली असती. नऊ दिवस! नऊ दिवस मी त्या पोरीला ऐकू येतंय असं सगळ्या गल्लीला दावलं.

— वाजतोय, ऐकतोय मी. मला येतंय ऐकाय, तेच तर दुखणं हाय. वाजू दे. — न्हाई, कंपनीचा न्हाई. अंकिताचा हाय. सांगलीस्नं. सांगतो.

नवव्या दिवशी कोइमतूरचा फोन आला. आईनं पिऊच्या उजव्या कानाला लावला. पोरगी म्हणती, बाबा बोलतच न्हाईत. झालं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं सांगली, कानाचा डॉक्टर. पोरीला त्या बंद खोलीत बसवली, कानाला डबडी लावली, कागदावर रेघा काढल्या. डॉक्टर तरणाच हाय, चांगला बोलतो. म्हणाला, टोचण्याचा काय संबंध न्हाई आबा, तुमची तार बाहेरच्या पाळीला, ऐकायची नस आत हाडाच्या पोटात. हे एकाएकी हुतं, सर्दीतापाच्या जंतूनं हुतं, पोरांना बी हुतं. — पाव्हणं, मला त्या खुर्चीत नाचावंसं वाटलं. आकाराम सुटला! हात शाबूत! तवर त्यानं इचारलं, कवापासनं हाय?

आता बघा, कुणी इचारलं हुतं मला? अंकिताला इचारलं हुतं. ती बिचारी म्हणली, काल कळलं. आन् मी मधीच तोंड घातलं — दोनच दिवस झालं साहेब. दोन! तो म्हणाला, लय चांगलं केलं लगेच आणलंसा. ह्याला पहिले दिवस महत्त्वाचे, जितकं लवकर औषध तितकी आशा. कुणाचं सगळं परत येतं, कुणाचं अर्धं, कुणाचं येत न्हाई, आधी सांगता येत न्हाई, पर तुमी वेळेत आलाय. — अंकिता रडली हो. बरं वाटून रडली. येताना मला म्हणली, मामंजी, तुमी हुता म्हणून. मी खिडकीतनं ऊस बघत बसलो. तासगाव येईपतूर एका उसाकडं बघत हुतो असं वाटलं.

गोळ्या झाल्या. कानाच्या पडद्यातनं इंजेक्शनं झाली, तवा बी रडली न्हाई. मागच्या खेपंला रेघ थोडी वर आली, जाड आवाज येत्यात म्हणं, बारीक न्हाईत. आन् डॉक्टर कागद धरून बसला. लवकर येऊन सुद्धा एवढंच कसं, म्हणाला. आपलंच काय चुकलं का बघत बसला, पाव्हणं, माझ्यादेखत. मी छताचा पंखा बघितला. चांगला पंखा हाय.

आज परत तपासणी हाय. अजून इंजेक्शनं द्यायची का मशीन बसवायची ते ठरणार. मला बोलावलं हुतं, मी म्हणलं दहिवडीचं पाव्हणं येणारायत, सुट्टी सरलीय त्यांची. खोटं न्हाई ना? तुमी आलासा की. महिना झाला, एक कान टोचला न्हाई मी, आज तुमच्या आडोशाला बसलोय. डावा टोचला. उजव्याकडं हात जाईना झालाय, म्हणून ही टकळी. — व्हय, त्यांना तारीख इचारायची असणार. नक्की कवा सुरू झालं. त्यावरनं ठरवत्यात म्हणं. तिसऱ्यांदा वाजतोय... असं काय बघताय? तुमी पलटणीतलं, मी पाटावरचा. — बरं. द्या. द्या हिकडं.

हॅलो. हां अंकिता. व्हय, ऐकला, मुद्दाम न्हाई उचलला. डॉक्टरांच्या हातात दे. दे बाळा, मग मला काय बोलायचं ते बोल. — साहेब, आकाराम पोतदार. दोन दिवस न्हाई हो. दहा. नऊ दिवस मी घरात लपवलं. — न्हाई, आईला ठाऊक न्हवतं. पोरीला मीच गप बसवली. — भ्यालो साहेब. माझ्या तारेनं झालं म्हणून. — व्हय. — व्हय. — तुमचं काय चुकलं न्हाई, एवढंच सांगायचं हुतं. — हां. लिवा दहा.

...अंकिता? — कोण? पिऊ? तू घेतलास व्हय फोन? कुठल्या कानाला लावलायस? — उजव्या? काढ, डाव्याला लाव. — न्हाई? मुद्दाम लावलाय? आन् आबाचं काय येतंय ऐकाय? — शब्द न्हाई. नुसती बडबड. — बडबडच हाय ती, बाळा. बरोबर ऐकतीस.

...

ठेवला.

धरा पाव्हणं. मान धरा तिची, अशी, डाव्या गालावर. डोळं मिटू नगा ह्या खेपंला.

आता मी बोलत न्हाई.