पहिल्या हसण्याचं मीठ

नाही, गरम नाही, कोमट. कोमट म्हणजे काय ते साठीला आलेल्या माणसाला मी सांगायचं का, ओर्विल? बोट बुडवलं तर बोटाला काही कळू नये, इतपत. दे इकडे तो जग. आणि बस तिथे, चीज किसायला घे — किसायला म्हणाले, खायला नाही. तू धाकटा भाऊ म्हणून आत घेतलंय, नाहीतर आज सकाळपासून या स्वयंपाकघरात मी कुणाला पाय ठेवू दिलेला नाही. मॅरिएटा येऊन गेली दोनदा. काय, तर ताई, मदत करू का? मदत कसली — बाळाची आजी ना ती, नातवाच्या जेवणाला मोठ्या बहिणीनं किती पीठ काढलंय ते बघायला आली होती. मी दाखवलं. निळ्या पक्ष्याच्या छापाची पिठाची अख्खी गोणी उघडून दाखवली. तर ती गोणीच्या मागे वाकून बघायला लागली, मग मागची दुसरीही दाखवली. गप्प बसली बिचारी. आपली मॅरिएटा गप्प बसलेली तू कधी पाहिली होतीस? मी आज पाहिली, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

आता तू सांग, मी चिंगूस आहे का? लगेच मान हलवू नको, थोडा विचार केल्यासारखं तरी कर. बाजारात माझ्या टपरीसमोर उभे राहून लोक काय म्हणतात ते मला ऐकू येत नाही असं वाटतं का तुम्हाला — व्हर्नाच्या टॅकोतला लेट्यूस मोजून घे, व्हर्नाच्या फ्रायब्रेडमधून पलीकडचा डोंगर दिसतो. अरे, दिसायलाच पाहिजे! जाड थापायला काय लागतं, कुणीही थापेल. मीठ, बेकिंग पावडर, पीठ, थोडी दुधाची भुकटी, आणि पाणी घातल्यावर बोटांनी नुसतं गोळा करायचं, हे असं — मळत बसायचं नाही. मळलं की चिवट होतं, मग खाणारा चावत बसतो आणि वर म्हणतो पोट भरलं. मग झाकून ठेवायचं, आणि सारखं उघडून बघायचं नाही. हे मला आईनं शिकवलं, तिला तिच्या आईनं, आणि त्या सगळ्यांच्या मागे ती कोण आजी होती — जिला आपल्या सगळ्या लोकांसकट सैनिकांनी मेंढरासारखं हाकलत नेलं आणि हातात किडकं पीठ नि चरबी ठेवली — तिनं काय केलं? रडत बसली असेल थोडा वेळ, बसली असेलच. मग पीठ चाळलं, चरबी तापवली, आणि पोरांना खायला घातलं. आता लोक लांबलांबून गाड्या घेऊन हे खायला येतात आणि फोटो काढतात. ती बाई पीठ उधळणारी असती तर तू आणि मी इथे बसलो असतो का? मग मी जरा हात राखून वागले तर लगेच चिंगूस. बरं.

पण तीन महिने, ओर्विल. तीन महिने तुम्ही मला त्या पोरापासून लांब ठेवलंत. मला रीत माहीत नाही का? बाळाला आवाज करून पहिल्यांदा जो हसवील, त्याच्यासारखा त्याचा हात होतो — देणाऱ्यानं हसवलं तर देणारा, मुठी आवळणाऱ्यानं हसवलं तर मुठी आवळणारा — आणि हसवणाऱ्यानंच त्याचं जेवण घालायचं, त्याची मूठ धरून आलेल्यांना मीठ वाटायचं. मान्य. पण म्हणून माझी खुर्ची फ्रिजच्या मागे? मी दारात आले की आपली भाची शँडीन त्या पोराला बांधायच्या फळीसकट उचलून भिंतीकडे वळवायची — पोरगं भिंत बघतंय, मी पोराची पाठ बघतेय, आणि सगळे हवापाण्याच्या गप्पा मारताहेत. शँडीनचं मी समजू शकते, पहिलटकरीण आहे, घाबरते. पण मॅरिएटा मला म्हणाली, ताई, तुला शिंक आली तर बाहेर जा हं, शिंकेला मुलं हसतात. गेले मी बाहेर! कुत्र्यांच्या मधोमध उभी राहून शिंकले! तेव्हा तू कुठे होतास? तू समोरच्या खुर्चीत. दिलदार मामा. बाळाला, कोल्टनला हसवायचं ते ओर्विलनंच, असं सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलेलं — पोरगं ओर्विलवर गेलं पाहिजे, ओर्विलचा हात कसा सैल.

सैल तर आहेच. खोगीर त्या रोडिओच्या खेळात बैलावर बसणाऱ्या पोराला दिलंस, ज्याला खोगीर लागतच नाही, जनरेटर चर्चला दिलास — आणि तू चर्चला जातही नाहीस. आणि वसंतात त्या क्लॉ कुटुंबातल्या मुलीच्या कार्याला तुझ्या शेवटच्या दोन मेंढ्या. सगळ्यांनी किती वाखाणलं तुला. मीही तिथेच होते, मीही वाखाणलं. मग महिना संपत आला की माझ्या मागच्या दारानं कोण येतं? ताई, थोडं पीठ आहे का? ताई, बटाटे आहेत का? असतात. माझ्याकडे असतात, कारण मी लेट्यूस मोजते. तुझ्या दिलदारपणाला शिधा कुठून येतो हे त्या वाखाणणाऱ्यांना ठाऊक नाही, आणि मी कधी कुणाला सांगितलेलं नाही — आत्ताही टोमणा मारत नाहीये, नुसतं बोलतेय. तो टोमॅटो नीट चीर. बारीक. तुझ्या चिरण्याला टोमॅटो कमी पडतील.

हं, आता बघ, पीठ तयार झालं. गोळा घ्यायचा, आणि या हातावरून त्या हातावर, थप थप, फिरवत फिरवत, कडेनं जाड नाही राहिलं पाहिजे. मधे बोटानं भोक, नाहीतर फुगून बसतं. चरबी तापली का बघायला आधी चिमूटभर पीठ टाकायचं — बघ, लगेच वर आलं. सोड. काट्यानं हलकं दाबायचं, सोनेरी झालं की उलटायचं. याच्यावर राजमा, राजम्यावर मटण... काय बघतोस? मटणच आहे. मेंढी कापली काल. हो, माझी. काळ्या तोंडाची. तीच. माहीत आहे मला ती माझी लाडकी होती, तू सांगू नको. लोक येणार आणि राजमा खाऊन जाणार, मग गावभर काय बोलतील? म्हणतील, बघा, कंजूष बाईनं हसवलं ना पोराला, झालं आता वाटोळं पोराचं.

कसं हसला? किती वेळा सांगू? सगळ्यांना सांगून झालंय. बुधवारी शँडीन पाण्याची पिंपं भरायला गेली, मॅरिएटा दवाखान्यात, दुसरं कुणी नव्हतं म्हणून नाइलाजानं पोर माझ्यापाशी ठेवलं — आणि जाताना मला बजावलं, मावशी, त्याच्याकडे बघू नको. मी नव्हते बघत. पीठ थापत होते त्यांच्या ओट्यापाशी, आणि तोच माझ्याकडे बघत होता. आधी नाक फेंदारलं, असं. मग दोन्ही पाय ताठ केले. मग खालचा ओठ आत घेतला, आता रडतो की काय असं वाटलं, आणि मग उचकी लागल्यासारखा एकदम मोठ्यानं हसला. मग टोपी पुन्हा नाकावर घसरली तसा परत—

काय?

मी टोपी म्हणाले? पीठ म्हणाले असेन. कढईचा आवाज होतोय, तुला नीट ऐकू आलं नसेल. मी कशाला टोपी घालीन घरात, मी काय... थांब, हे जळेल. थांब जरा.

बरं. म्हणाले टोपी. मी सांगणार नव्हते. देवाशपथ सांगणार नव्हते, जेवण झालं असतं, लोक गेले असते आणि विषय संपला असता. पण आता खुर्ची मागे सरकवू नको, बस खाली, पूर्ण ऐकून जा. सोमवारी मी राजम्याचं पातेलं घेऊन मॅरिएटाकडे गेले होते. जाळीच्या दारापाशी. शँडीन मागे कपडे वाळत घालत होती, आणि पोर मेंढीच्या कातड्यावर पडलेलं, आणि तू गुडघ्यांवर, ही तुझी काळी टोपी कपाळावरून नाकावर पाडत होतास. माझा हात दाराला लागला होता, एवढ्यात तो हसला. असा हसला, ओर्विल! बाहेर मला ऐकू आलं, कुत्र्यांनी कान टवकारले. मी म्हटलं, झालं एकदाचं, ओर्विल आता आरोळी ठोकील, शँडीनला हाक मारील. आणि तू काय केलंस? आधी खिडकीकडे बघितलंस. मग मागच्या दाराकडे. मग टोपी नीट डोक्यावर ठेवलीस, पोराच्या अंगावर पांघरूण ओढलंस आणि बाहेर जाऊन ट्रकमध्ये बसलास. इंजिन नाही चालू केलंस. नुसता स्टिअरिंग धरून बसलास. मी पाण्याच्या टाकीमागे उभी, पातेल्याचा चटका बसतोय, खाली ठेवावं तर आवाज होईल.

मला आधी संताप आला. म्हटलं, बघा हा दिलदार! आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांच्या कार्याला मेंढ्या देत फिरला आणि आपल्या पोराचं हसू चोरासारखं खिशात घालून बसला. मग तुझ्या रिकाम्या कोंडवाड्याची आठवण झाली. पीठ माझ्याकडचं, सरपण माझ्याकडचं, एवढ्या माणसांना घालणार काय? आणि सगळ्यांना ओर्विलकडून मोठं जेवण हवं होतं, साधं चाललं नसतं. मग मला तुझी दया आली, आणि तुला सांगते, राग परवडला असता. म्हणून बुधवारी मीच आरोळी ठोकली. बुधवारी तो हसला नाही. बुधवारी तो झोपला होता. झोपलेल्या पोराला हसवल्याबद्दल मी माझी मेंढी कापली, आता म्हण मला चिंगूस.

आणि त्यांचे चेहरे! शँडीन रडली. माझ्यासमोर रडली, ओर्विल, तिच्या पोराचं नशीब मी बिघडवलं म्हणून. मॅरिएटा म्हणाली, असू दे, ताईच्याही अंगी चांगले गुण आहेत, आणि मग कुठले ते आठवत बसली. मला लागलं ते. खूप लागलं. पण सकाळी उठून अंगण झाडत होते तर मनात आलं, आज माझ्या दारात गाड्या लागतील. आईच्या मयतानंतर लागल्या नव्हत्या. म्हणजे तुझ्यासाठी केलं हे खरं, पण सगळंच तुझ्यासाठी केलं असंही समजू नको.

एकच गोष्ट राहते. या सगळ्यांना मी फसवलं, त्यांचं काही बिघडत नाही, उलट मटण मिळतंय. पण त्या पोराला कसं फसवू? त्याला माहीत आहे तो कुणाला हसला. मी त्याची मूठ धरून मीठ वाटलं तर ती रीत होणार नाही, नुसतं जेवण होईल, आणि मग खरंच त्याचं काय होईल कोण जाणे. तू तोंड उघडून कुणाला काही सांगावंस असं मी म्हणत नाही. नाहीच जमणार तुला ते.

कुत्री भुंकताहेत. आले वाटतं. मॅरिएटाचाच ट्रक. ऊठ, हात धू — साबणानं. वरच्या कपाटात आईची बरणी आहे, दगडी मीठ आहे त्यात, तेच घ्यायचं, पाकिटातलं नाही. खुर्ची दारासमोर ठेव, पोराला मांडीवर घे, त्याची मूठ तुझ्या मुठीत धर आणि येईल त्याच्या ताटात त्याच्या हातून मीठ पडू दे. आणि चिमटीनं नको, चांगलं भरून. टोपी राहू दे डोक्यावर. आधी नाक फेंदारील, मग ओठ आत घेईल, तेव्हा बघू नको इकडेतिकडे, त्याच्याकडेच बघ. मी कुठे येऊ, कढई तापलीय, एवढी ब्रेडं कोण तळणार? कुणी विचारलंच, व्हर्नानं हसवलं तर व्हर्ना का नाही बसली पोराला घेऊन, तर सांग, ती आत बसून पिठावर लक्ष ठेवतेय. पुढे कुणी काही विचारणार नाही. लगेच पटेल सगळ्यांना.

आता काय? डोळे पुसायचेत तर बाहेर जाऊन पूस, माझ्या टोमॅटोंवर नको. आणि ते चीज खाली ठेव. जा.