कैरोहून आणलेली खसखस

कस्टमच्या नुसत्या नावाने घाम फुटणं म्हणजे काय, ते मला विचारा. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट, आम्ही तेव्हा शारजाला राहायचो. दिवाळीच्या तोंडावर तीन दिवस कैरो बघायला गेलो. जुन्या बाजारात बायको एका मसाल्याच्या दुकानात शिरली आणि मी बाहेर उभा राहिलो. तीच चूक.

परतीच्या विमानात तिने पर्समधली पुडी दाखवली. "यंदा अनारशांना खसखस मिळाली हं."

मी आधी इकडेतिकडे पाहिलं. "अगं, दुबईत खसखस आणि अफू एकच धरतात! सरळ जेल! नोकरी खलास!"

पुडी हिसकावून मी विमानाच्या टॉयलेटमध्ये रिकामी केली आणि तीनदा हात धुतले.

दुबईला कस्टमच्या ऑफिसरने नेमकी माझीच बॅग उघडायला लावली. दाढीच्या सामानाचा डबा हातात घेऊन हलवला. मी ताठ उभा, वर हसतोय. "यल्ला, जाओ," तो म्हणाला.

दिवाळीत शेजारच्या वहिनींनी अनारसा उचलला. "अगंबाई, खसखस? इथे कुठे मिळाली?"

मी हातातला अनारसा उलटून पाहिला. त्या गेल्यावर बायकोला विचारलं, "मी फेकली होती ना?"

"अर्धी फेकलीत. अर्धी तुमच्या दाढीच्या डब्यात होती."

"मग विमानात मला पुडी दाखवलीस कशाला?"

"तुमचा चेहरा मला माहीत आहे. स्वतःच्या हाताने फेकल्याशिवाय तुम्ही कस्टमसमोर हसत उभे राहिला असतात?"